भिंतीखालची बादली

१

आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की आधी पाणी भरायचं, बाकीचं जग मग. शेजारच्या शिवलीलाचा सासरा वारला त्या दिवशी नेमकं पाणी आलं होतं. तिने म्हाताऱ्याच्या अंगावर चादर ओढली, बॅरल भरला, घागरी भरल्या आणि मग हंबरडा फोडला. त्यावरून तिला कुणी नावं ठेवली नाहीत. मीही नाही, आणि तिला नावं ठेवायची संधी मी सहसा सोडत नाही.

कारण ती बाई नळाला मोटर लावते. मोटरीची घरघर सुरू झाली की आमच्या नळाची धार करंगळीएवढी होते. यावरून आमची एवढी भांडणं झालीत की आता बोलणंच बंद आहे. जुळे सोलापुरात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते कधी सकाळी, कधी भर उन्हात. ते दुसऱ्याने ओढून नेलं की माझं डोकं फिरतं, आणि फिरायलाच पाहिजे.

आमचे हे, म्हणजे देवदत्त, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात होते. तिथे दिवसभर पाण्याचे लोट बघायचे आणि घरी येऊन तांब्याभर पाण्यात हातपाय धुवायचे. दात घासताना नळ सुरू ठेवलेला मी त्यांना कधी पाहिला नाही. मूळचे वेळापूरचे. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा मला दाखवायला म्हणून विहिरीत उतरले. एक हात डोक्यावर, त्यात कोरडा पांढरा सदरा धरलेला, आणि दुसऱ्या हाताने विहिरीला फेऱ्या. मी काठावरून म्हटलं, बाहेर या, पुरे झाला शहाणपणा. तर अजून एक फेरी मारली.

या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डोळे उघडे, पण नजर कुठेतरी लांब. डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा त्यांच्याशी, हळूहळू परत येतील." मी हायस्कूलच्या ऑफिसातून रजा घेतली, त्यांची कॉट पुढच्या खोलीत आणली आणि बोलत राहिले. लोकांना वाटायचं मी रडत असेन. मला राग यायचा. कोपऱ्यावर दूध आणायला जायचं तरी सांगून जाणारा हा माणूस, आणि आता गेला तो एका शब्दाने न सांगता.

२

चित्र आणलं ते चेतनाने. चेतना माझी नणंद, पुण्याला असते. भावाला बघायला आली ती हे भलंमोठं खोकं घेऊन.

"अगं वहिनी, दादाच्या समोर ती कोरी भिंत बघून मलाच कसंतरी होतं. म्हणून आणलं."

मी कागद फाडला. आत कॅनव्हासवर छापलेलं चित्र, जाड चौकटीत. राखाडी, निळे, मध्येच नारिंगी असे फटकारे. ओल्या रंगावर कुणी हात फिरवावा तसं सगळं फिसकटलेलं.

"काय आहे हे?"

"बंदर आहे. पहाटेचं. जहाजं विसावलीयत बघ, शिडं गुंडाळून. इम्प्रेशनिस्ट म्हणतात याला."

"मला तर नुसते डाग दिसतायत."

"जवळून नाही गं, लांबून बघायचं असतं हे."

लांबून बघायचं. चेतनाला सगळं लांबूनच बघायची सवय. भावाचं आजारपण व्हिडिओ कॉलवर बघायचं, आईचं बघितलं तेही तसंच. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण ती स्वतः स्टुलावर चढून खिळा ठोकत होती आणि ठोकताना तिचे डोळे भरले होते, म्हणून मी नुसतं स्टूल धरून ठेवलं. थेंब थेंब मोजणाऱ्या या गावात माझ्या भिंतीवर अख्खा समुद्र टांगून ती संध्याकाळच्या गाडीने निघून गेली.

चित्र पुसताना मला वरच्या बाजूला दोन खुणा दिसल्या. जिथे पाणी संपून धुकं सुरू होतं तिथे एक आडवी रेघ, आणि तिच्याही मागे एक काळा उभा ठिपका. माशीने घाण केली असेल म्हणून मी तो नखाने खरवडला. निघाला नाही.

३

थोड्याच दिवसांत चौकटीखालची भिंत ओली झाली.

ही भिंत रस्त्याकडची. दिवसभर तिच्यावर ऊन. तिच्यात ना पाइप, ना तिच्यामागे न्हाणी. गच्चीवर जाऊन पाहिलं तर पाय भाजले, एवढी कोरडी. तरी चौकटीच्या खालच्या कडेला थेंब धरायचे, भिंतीवरून ओघळायचे आणि फरशीवर टपटप पडायचे.

दुसऱ्या कुठल्या गावातली बाई असती तर घाबरली असती. आम्ही सोलापूरकर. मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर खाली बादली लावली.

पाणी बोटाला लावून चाखलं. खारट होतं. त्याचंही मला काही वाटलं नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी खारटच असतं, डाळ शिजत नाही त्यात. कुणीतरी नवा बोअर मारला असेल, ओल भिंतीत चढली असेल. आणि कुणीतरी म्हणजे कोण, तर माझ्या मते एकच बाई. बोलणं बंद असलं तरी भांडायला मी कंपाउंडच्या भिंतीशी गेले.

"शिवलीला, तुमच्या मोटरीचं पाणी माझ्या भिंतीत मुरतंय."

ती धुणं वाळत घालत होती. "काय बोलतायसा बाई? आमचा पायपच त्या अंगाला न्हाय की. या, बघा हितं येऊन."

"मला काही बघायचं नाही."

"बरं, नका बघू. दाजी कसं हायती?"

मी तडक आत आले. भांडायला गेलं तर मायेने विचारते, याचाही मला राग आला.

बादली दिवसातून दोनदा भरायला लागली. मी ते पाणी फरशीला वापरलं, न्हाणीत वापरलं, ह्यांचे कपडे त्यात भिजवले. उरलं ते तुळशीला घातलं आणि तुळस जळाली. तरी मी खूशच होते, खरं सांगते. फुकटचं पाणी होतं आणि ते शिवलीलाला मिळत नव्हतं.

४

एका दुपारी चादर बदलायला म्हणून ह्यांना खुर्चीत बसवलं. त्यांना उचलताना माझी कंबर धरली, म्हणून त्यांच्याच उशीवर डोकं टेकून क्षणभर आडवी झाले. समोर चित्र होतं.

बाकी कुठूनही ते मला डाग वाटायचं. उशीवरून मात्र ते लख्ख उलगडलं. जहाजं होती, त्यांच्या डोलकाठ्या होत्या, पाण्यात त्यांची हलकी सावली होती, आणि पुढे धक्क्याच्या पायऱ्या. ती आडवी रेघ म्हणजे एक होडी होती. तिच्यात कुणीतरी बसलेलं होतं, आणि होडीचं तोंड आमच्याकडे होतं.

मग मी रोज दुपारी तिथे डोकं टेकायला लागले. होडी पुढे सरकत होती. छापलेलं चित्र सरकत नसतं, हे मलाही कळतं. मी स्वतःला समजावलं की झोप नाही, ऊन मी म्हणतंय, डोळ्यांवर ताण आलाय. चौकटीच्या कडेला पेन्सिलने खूणही करून ठेवली. होडी ती खूण ओलांडून पुढे आली.

आणि ह्यांच्यात फरक पडायला लागला. आधी उजव्या हाताची बोटं हलली. मग मी स्वयंपाकघरात गेले की नजर माझ्या मागे यायची. एकदा मी शिवलीलाला शिव्या घालत घालत त्यांना खीर भरवत होते, तर अर्धं तोंड हसलं. डॉक्टर म्हणाले, "बघा, येतायत की नाही."

येतायत, हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. होडीत कोण बसलंय हे मला कळलं होतं. हा विचार वेडाचा आहे हेही कळत होतं, आणि त्याची मला पर्वा नव्हती. मी चित्राकडे बघून मोठ्याने म्हणायचे, "हात चालवा जरा. इथे मी एकटी मरतेय."

५

मग होडी थांबली.

त्या आठवड्यात चित्रात तपकिरी रंग वाढला. आधी पायऱ्यांशी, मग जहाजांच्या पोटाखाली. जहाजं एका अंगावर कलली. पाणी मागे हटत होतं आणि खालचा चिखल उघडा पडत होता. होडी त्या चिखलात तिरकी रुतून बसली होती.

ह्यांनी तोंड मिटून घेतलं. खीर ओठांवरून ओघळायची. बोटं पुन्हा थंड पडली. डॉक्टर आले, बराच वेळ छातीला नळी लावून बसले आणि बाहेर जाऊन म्हणाले, "मनाची तयारी ठेवा." चेतना कॉलवर म्हणाली, "वहिनी, आपण आता स्वीकारायला हवं गं." मी फोन कट केला. स्वीकारायला काय ते लग्नातलं पाकीट आहे?

फोन टाकून मी मागे वळले आणि माझं लक्ष बादलीवर गेलं. काठोकाठ भरली होती. वर चित्रात चिखल होता आणि खाली माझी बादली भरलेली होती.

इतके दिवस मी काय करत होते ते तेव्हा मला दिसलं. थेंब दिसला की भांडं लावायचं, ही आमची रीत. त्या रीतीने मी बंदरातलं पाणी बादली बादली करून उपसलं होतं, फरशीवर ओतलं होतं, न्हाणीत घालवलं होतं. त्यांच्या होडीखालचं पाणी मी काढून घेतलं होतं.

मी बादली उचलली आणि चित्रावर रिकामी केली.

पाणी खाली आलं नाही. फरशीवर दोन-चार थेंब पडले असतील. मग मी स्वयंपाकघरातली घागर आणली, पिण्याचं गोडं पाणी, तेही ओतलं. मग कळशा ओतल्या. मग बॅरलला बादली लावली आणि तो तळापर्यंत रिकामा केला. आदल्याच दिवशी भरलेलं पाणी होतं ते. सोलापुरातली बाई भर उन्हाळ्यात प्यायचं पाणी भिंतीवर फेकत होती, आणि भिंत ते पीत होती. फेकताना मी काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. सगळं त्यांनाच बोलत होते.

शेवटची बादली फेकली आणि मागून खोकल्याचा आवाज आला. मग आवाज आला, "वैजयंती."

६

सगळ्यांना आनंद झाला. डॉक्टरांनी पाठ थोपटली. चेतना पेढे घेऊन आली, गळ्यात पडून रडली. आठवड्याभरात तो काठीशिवाय चालायला लागला. बोलायचा स्वच्छ, शब्द न अडखळता. उजव्या हाताने खुर्ची उचलायचा.

मला काय खुपलं ते सांगते. ह्यांनी मला कधी वैजयंती म्हटलं नाही, वैजू म्हणायचे. पण आजारातून उठलेला माणूस आहे, म्हणून मी ते सोडून दिलं. मग एक दिवस तो न्हाणीतून बाहेर आला आणि आत पाण्याचा आवाज सुरूच राहिला. जाऊन पाहिलं तर नळ पूर्ण उघडा. गच्चीवरच्या टाकीतलं साठवणीचं पाणी भळाभळा वाहत होतं.

"अहो, नळ."

"अच्छा," म्हणाला आणि छान हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, टाकी रिकामी होईपर्यंत. हात धुवायचा तर धार मोठी सोडून, इकडेतिकडे बघत, सावकाश.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, मेंदूला इजा झाली की सवयी बदलतात, नवरा धडधाकट उठून बसलाय याचा विचार करा. केला विचार. रात्रंदिवस तोच केला. सवय बदलते हे मान्य. पण जन्मभर जपलेला थेंब अंगातून जातो कुठे?

चित्राकडे तो कधीच बघायचा नाही. त्या भिंतीकडे पाठ करून बसायचा. थेंब गळायचे थांबले होते. एकदा सहज म्हणाला, "ते काढून टाकू या, वैजयंती. आता काय गरज आहे?"

७

काल दुपारी पाणी आलं. शिवलीलाची मोटर घरघरली, माझी धार बारीक झाली, मी तिला मनातल्या मनात हाणलं, आणि तरीही होतं नव्हतं ते सगळं भरलं. बॅरल, घागरी, कळशा, पातेली. पाठ मोडली. तो मागच्या बाजूला होता. मी पुढच्या खोलीत येऊन कॉटवर पडले, त्याच उशीवर.

तो बरा झाल्यापासून मी तिथे डोकं टेकलं नव्हतं. गरज काय, असं मलाही वाटलं होतं.

होडी पायऱ्यांना लागलेली होती आणि रिकामी होती. पाणी पुन्हा हटलं होतं, पायऱ्यांपासून पार लांबपर्यंत चिखल पसरला होता. आणि चिखलाच्या त्या टोकाला, जिथे मी नखाने खरवडलं होतं, तो ठिपका होता. तो मोठा झाला होता. मी श्वास धरून बघितलं.

माणूस होता तो. गुडघाभर चिखलात उभा. एका बाजूला झुकलेला, एक हात लुळा लोंबत होता. दुसरा हात डोक्यावर धरलेला, आणि त्या हातात काहीतरी पांढरं होतं.

 होडीत ते नव्हतेच. होडीत दुसरं कुणी बसलं होतं, आणि मी त्याला माझ्या हाताने पाणी घालून आणलं होतं. हे मात्र तिथेच उभे होते, पहिल्या दिवसापासून, आणि मी त्यांना माशीची घाण समजून खरवडत होते. लुळा पाय घेऊन चिखल तुडवता येत नाही. पण एका हाताने पोहता येतं. त्यांना येतं, मी काठावर उभी राहून बघितलंय. फक्त पाणी पाहिजे, पुरेसं.

"सदरा टाका तो," मी म्हटलं. "हात मोकळा ठेवा. आलेच मी."

उठले तेव्हा कानावर आवाज आला. मघापासून येत होता, माझं लक्ष नव्हतं. मागे पाणी पडत होतं. एक भांडं संपलं की थोडं थांबायचं, मग दुसरं.

मी धावले. बॅरल आडवा पडला होता. घागरी, कळशा, पातेली, सगळी ओळीने पालथी घातलेली. मोरीच्या तोंडाशी शेवटचं पाणी गोल फिरून आत जात होतं. तो टॉवेलला हात पुसत उभा होता, प्रसन्न चेहऱ्याने. टॉवेल ह्यांच्या कारखान्याचा होता.

"हे काय केलंत?" मी म्हटलं.

"एवढं काय त्यात? उद्या येईल की पाणी."

या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा हे वाक्य बोलणार नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. चेहरा ह्यांचाच होता, कानामागचा तीळही तोच. तो माझ्या खांद्यावरून पुढच्या खोलीकडे, भिंतीकडे बघत होता. मग त्याने कोपऱ्यातलं स्टूल उचललं.

मी ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं. त्याला जोर होता, पण मला राग होता. स्टूल घेऊनच मी दाराबाहेर पडले, बादली उचलली आणि शिवलीलाच्या दारात गेले. त्या दारात मी किती वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. मी कडी वाजवली.

तिने दार उघडलं. बादली बघितली, स्टूल बघितलं, मला बघितलं. तिच्यामागे तिचे बॅरल झाकणापर्यंत भरलेले दिसत होते. अर्धं पाणी माझ्या हक्काचं होतं, पण ते मी बोलले नाही.

"पाणी द्या," मी म्हटलं.

ती माझ्या मागे, आमच्या दाराकडे बघत राहिली. तिथे कोण येऊन उभं राहिलंय ते बघायला मी वळले नाही. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि दार पूर्ण उघडलं.

"किती पायजे, बाई?"

"सगळं."